मागितल्यावर न गायलेलं गाणं

'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' आपल्याकडे पोचलं ते बोनी एम.च्या कॅसेटमधून. १९७८ नंतर कित्येक वर्षं मुंबईतल्या आणि गोव्यातल्या पार्ट्यांत त्यावर लोक नाचले, आजही नाचतात. मूळ गाणं मात्र त्याआधी आठ वर्षं जमैकात जन्मलं होतं, आणि तिथल्या सरकारने ते सुरुवातीला रेडिओवर वाजूच दिलं नाही. नाचाचं म्हणून जगाने डोक्यावर घेतलेलं गाणं त्याच्या मायभूमीत घातक ठरवलं गेलं, यामागे बंदिवासाची आणि बंदिवानाच्या हट्टाची फार जुनी कहाणी आहे.

ब्रेंट डो, टोनी ब्रेवेट आणि ट्रेव्हर मॅकनॉटन या किंगस्टनच्या तिघांचा 'मेलोडियन्स' हा गट. डो आणि मॅकनॉटन यांनी शब्द जुळवले ते बायबलच्या जुन्या करारातून. मुख्य भाग १३७व्या स्तोत्राचा, शेवटची विनवणी १९व्या स्तोत्राची. १९७०मध्ये चिनी वंशाचे जमैकन निर्माते लेस्ली काँग यांनी ते ध्वनिमुद्रित केलं.

१३७वं स्तोत्र जेमतेम नऊ ओव्यांचं आहे. इसवीसनपूर्व ५८६च्या सुमारास नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या ज्यूंना धरून बॅबिलॉनला नेलं. तिथल्या नदीकाठी बसून ते आपल्या सियोनच्या, म्हणजे जेरुसलेमच्या, आठवणीने रडतात. वीणा झाडांना टांगून ठेवल्या आहेत. अशा वेळी त्यांना पकडून आणणारेच फर्माइश करतात, की तुमच्या देशाचं एखादं गाणं होऊन जाऊ द्या. परमुलखात ते गाणं आम्ही कसं गावं, हा बंदिवानांचा प्रश्न म्हणजे सरळ नकार आहे. घर गेलं, देऊळ गेलं, देश गेला. गाणं तेवढं हाती उरलं आहे, आणि ते कुणाच्या करमणुकीसाठी द्यायचं नाही. माझ्या मते या गाण्याचा सगळा अर्थ या नकारात आहे. रडणं त्याच्या भोवतीचं.

अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांना हे स्तोत्र आपलंच वाटलं, ते उगीच नाही. मळ्यात राबणाऱ्यांकडून मालकासमोर गाणी म्हणवून घेतली जात. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांना १८५२मध्ये रॉचेस्टर इथे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं, तेव्हा भरसभेत त्यांनी याच स्तोत्राचा दाखला दिला. ज्याचे बांधव साखळदंडात आहेत त्याच्याकडून तुम्ही आनंदगीताची अपेक्षा करता, असं त्यांनी समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना सुनावलं.

जमैकात गुलामगिरी १८३८मध्ये पुरती संपली आणि १९६२मध्ये देश स्वतंत्र झाला. गरीब काळ्या माणसाच्या मनातलं परकेपण तरीही हटलं नव्हतं. जमैकन नेते मार्कस गार्वी यांनी त्याला आफ्रिकेकडे बघायला शिकवलं होतं. १९३०मध्ये रास तफारी हे हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट झाले, तेव्हा जमैकातल्या काहींनी त्यांच्यात देवच पाहिला. हेच रास्ताफारी. त्यांच्या लेखी आफ्रिका म्हणजे सियोन. बॅबिलॉन म्हणजे वसाहतीची सत्ता, तिचा कायदा, तिचा पैसा, तिची शाळा. रस्त्यावरच्या पोलिसालाही ते बॅबिलॉनच म्हणत. बहुतेक जमैकन लोकांचे पूर्वज इथिओपियातून नव्हे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडून आणले गेले होते. पण कधी कुणाची वसाहत म्हणून न नांदलेलं, बायबलात नाव असलेलं काळ्यांचं राज्य डोळ्यांसमोर असणं ही त्यांची गरज होती, आणि ती मला फार खरी वाटते.

या लोकांना राज्यकर्त्यांनी काय वागणूक दिली, हे ठाऊक असल्याशिवाय बंदीचा उलगडा होत नाही. १९६३च्या एप्रिलमध्ये माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समध्ये जमिनीच्या तंट्यातून हिंसा झाली आणि तिचं निमित्त करून बेटाच्या त्या भागातल्या रास्ताफारींची सरसकट धरपकड झाली. त्यांना मारहाण झाली, त्यांच्या जटा बळजबरीने कापल्या गेल्या. जटा हे त्यांचं व्रत. त्या कापणं म्हणजे माणसाची विटंबनाच. सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०१७मध्ये. पुढे १९६८च्या ऑक्टोबरमध्ये, किंगस्टनच्या झोपडपट्ट्यांत जाऊन रास्ताफारींशी आफ्रिकेच्या इतिहासावर बोलणारे गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी परदेशातून जमैकात परतले, तर त्यांना विमानातून उतरूच दिलं नाही. शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत हे गाणं आलं. रास्ताफारींचे उघड उल्लेख असलेलं गाणं रेडिओवर नको, असं सरकारला वाटलं. काँग यांनी वाद घातला तो बिनतोड होता: शब्द बायबलचे आहेत, जमैकातले ख्रिस्ती लोक ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत, मग बंदी कशावर? बंदी उठली, आणि थोड्याच आठवड्यांत गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं.

शब्द बायबलचे, हे खरं. पण मेलोडियन्सनी त्यात दोन बदल केले होते. स्तोत्रात परमेश्वराचं नाव येतं तिथे त्यांनी 'किंग अल्फा' म्हटलं. रास्ताफारींच्या बोलीत हे हैले सेलासींचं नाव. दुसरा बदल गाळण्याचा. स्तोत्राचा शेवट सुडाचा आहे, शत्रूच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणण्यापर्यंत तो जातो. तो भाग त्यांनी घेतलाच नाही. त्या जागी १९व्या स्तोत्रातली विनवणी आणली, की आमच्या तोंडचे शब्द आणि मनातलं चिंतन तुला रुचो. इथे गाण्याचं पारडं फिरतं. पकडून आणणाऱ्यासाठी गाणार नाही, असं म्हणणारा माणूस अखेर गातो. मात्र कुणासमोर गायचं ते त्याने स्वतः ठरवलेलं असतं. सूड त्याला नको झालेला नाही, एवढंच की तो आता शत्रूकडे बघतच नाही.

चालही तशीच आहे. तीन गळ्यांची मिळवणी प्रार्थनाघरातल्यासारखी, लय संथ, आणि रेगेच्या रिवाजाप्रमाणे गिटारचा ठोका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडणारा. त्यामुळे गाणं पुढे रेटलं जात नाही, झुलत राहतं. १९७२मध्ये पेरी हेन्झेल यांनी दिग्दर्शित केलेल्या, गायक जिमी क्लिफ यांची मुख्य भूमिका असलेल्या 'द हार्डर दे कम' या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत ते आलं आणि त्यातूनच जमैकाबाहेर पोचलं.

बोनी एम.ने ते उचललं तेव्हा 'किंग अल्फा' जाऊन पुन्हा परमेश्वर आला, ठेका सपाट आणि चपळ झाला. पश्चिम जर्मनीत गाणं १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ब्रिटनमध्ये पाच. राजकारण काढून टाकलं, असा आरोप बोनी एम.वर नेहमी होतो आणि तो बरोबरच आहे. तरी तेवढ्यावर निकाल द्यायला मी तयार नाही. गटाचे निर्माते फ्रँक फारियन जर्मन होते, पण ज्यांच्या आवाजावर ते गाणं उभं आहे त्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट, दोघी जमैकात जन्मलेल्या आणि लहान वयात ब्रिटनला गेलेल्या. परमुलखात, परक्यांच्या फर्माइशीवर, आपल्या बेटाचं गाणं त्या गात होत्या. मिचेल यांचा तो मोकळा, भरदार आवाज नीट ऐकला, तर ठेक्याच्या झगमगाटाखालीही त्यात प्रार्थना उरली आहे हे कळतं.

आणि रास्ताफारींचं आफ्रिकेला परत जाणं? सम्राट हैले सेलासी यांनी इथिओपियात शाशामाने इथे परतणाऱ्या आफ्रिकी वंशजांसाठी जमीन दिली होती. काही रास्ताफारी खरोखरच तिथे जाऊन राहिले. १९७४च्या क्रांतीत सम्राट पदच्युत झाले, नव्या राजवटीने जमिनी ताब्यात घेतल्या, आणि सियोनला पोचलेली ती माणसं स्थानिकांच्या नजरेत बाहेरचीच राहिली.

याला जोडून मला कोकणातले बेने इस्रायल आठवतात, कारण ते स्तोत्र मुळात त्यांच्याच धर्मग्रंथातलं. अलिबागकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवारतेली' म्हटले गेलेले हे मराठी ज्यू. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले, आणि वर्णावरून, चालीरीतींवरून त्यांना दुय्यम लेखलं गेलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या काहींनी तिथे धरणं धरून भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि त्यांना परत आणलंही गेलं. त्यांतले बरेच नंतर पुन्हा इस्रायलला गेले. कोकणात सियोनची गाणी मराठीत गाणाऱ्या या समाजाची पुढची पिढी इस्रायलमध्ये मराठी गाणी जपत राहिली, मराठी नियतकालिक चालवत राहिली. मेलोडियन्सच्या गाण्याचा सच्चा श्रोता मला त्यांच्यात दिसतो: ज्या देशाची आस धरली तिथे पोचूनही, मागे राहिलेल्या दुसऱ्या देशाचं गाणं त्यांनी सोडलं नाही, आणि ते गाण्यासाठी कुणाच्या फर्माइशीची वाटही पाहिली नाही.