खाण संपली, रस्त्याचं काय?

वाघोली म्हणा किंवा नवी मुंबईतली पारसिकची टेकडी, आपल्या बिल्डिंगांची खडी अशाच काळ्या दगडाच्या खाणींतून येत आली आहे. अशी खाण बंद पडली की सगळ्यांचं लक्ष त्या मोठ्या खड्ड्याकडे जातं. ज्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं डंपर गेले, तो कोणी बघत नाही. पहिल्या मोठ्या पावसात मात्र नुकसानीची सुरुवात तिथूनच होते.

समजा, रस्ता १ किलोमीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. म्हणजे ८,००० चौरस मीटर, जवळजवळ २ एकर. भरलेल्या डंपरांनी दाबून दाबून त्यातला मुरूम मेसच्या रात्रीच्या चपातीपेक्षाही कडक झालेला असतो. पाणी मुरायला जागाच नाही. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर या पट्ट्यावर ४०० घनमीटर पाणी पडतं. १०,००० लिटरचे ४० टँकर! त्यातलं बहुतेक सगळं गाळ घेऊन खालच्या शेतात किंवा ओढ्यात जातं.

यावर आपला आवडता उपाय म्हणजे जुलैमध्ये खड्डे खणून झाडं लावणे. पण दाबलेल्या मुरुमातला खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी. पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळं कुजतात, मार्चमध्ये उरलेली वाळतात. फोटो तेवढा चांगला येतो.

मग करायचं काय? रस्ता आहे तसा सोडणं सगळ्यात स्वस्त, पण काही वर्षांतच त्याची घळ होते. त्याखालचे ह्यूम पाइप साफ करायला कोणी नसतं. ते तुंबले की पाणी वरून जातं आणि भराव घेऊन जातं. दुसरं टोक म्हणजे दरीच्या बाजूचा सगळा भराव उचलून डोंगर पूर्वीसारखा करणे. हे फार महाग पडतं. मात्र भरावाच्या कडेला समांतर भेगा दिसत असतील आणि खाली घरं असतील, तर तेवढ्या भागात पैशाकडे बघून चालणार नाही.

बाकी ठिकाणी मला मधला मार्ग पटतो. ८ पैकी ३ मीटर ठेवायचे आणि ५ मीटर उकरायचे. गावाला गुरं न्यायला, विसर्जनाला वाट लागतेच. शिवाय खाणीच्या पाण्यात कोणी बुडालं, तर मदत पोचायलाही रस्ता हवा. म्हणून किती रस्ता ठेवायचा हे आधी गावाला विचारायचं, मग ड्रॉइंग काढायचं. डंपर मात्र परत घुसू नयेत म्हणून तोंडाशी चर आणि मोठे दगड टाकायचे.

उकरण्याचं काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करायचं. कोरडा मुरूम फुटतो, ओला नुसता लिंपला जातो. पोकलेनने निदान अर्धा मीटर खोल जायचं, पण रस्त्याच्या लांबीने सरळ नाही. तसं केलं तर प्रत्येक रेघेचा ओहोळ होतो. तिरकं उकरायचं. ठेवलेल्या पट्ट्यावरही ३०-४० मीटरवर तिरका बांध घालून पाणी बाजूला काढायचं. चढ जास्त असेल तर बांध आणखी जवळ. सलग समतल चर सिव्हिलवाल्यांना माहीत आहेतच, त्याचाच हा भाऊ.

खरी अडचण मातीची. ५ मीटर पट्ट्यावर १५ सेंटिमीटर थर द्यायचा तर ७५० घनमीटर, म्हणजे सुमारे २६५ ब्रास माती लागते. ती दुसऱ्याच्या शेतातून आणली तर आपण नुसता खड्डा हलवला! त्यापेक्षा खाण सुरू करताना काढलेली माती जपून ठेवायला हवी. ती नसेल तर बारीक चुरा आणि शेणखत मिसळून आधी मारवेल, पवना अशी गवतं पेरावीत, झाडं नंतर.

सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२० ला सांगितलंय की खाणकाम थांबल्यावर लीजधारकाने खाणीवरच नव्हे, तर खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जमिनीवरही पुन्हा गवत आणावं. माझ्या मते यात रस्ता येतोच. फक्त हिशोब वेळेत व्हायला हवा, कारण खड्ड्याभोवती कुंपण घालायला मशीन याच रस्त्याने जाणार. ते काम संपलं की पोकलेनने खड्ड्याकडून सुरुवात करायची आणि उकरत उकरत, मागे मागे सरकत फाटकाबाहेर यायचं.