न गळणारी गळती

रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालेली जुनी डिझेल पिकअप आंबा घाटाच्या चढाला लागते आणि मध्येच तिचा दम जातो. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी वेग वाढत नाही. मग इंजिन बंदच पडते. टाकीत डिझेल आहे, बॅटरी ठणठणीत आहे. अशा वेळी एक निदान फार लवकर ऐकू येते : ‘पंप गेला.’ पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला की गाडी उभी राहते आणि ऐन हंगामात मालकाच्या कमाईला कात्री लागते. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या भेगाळलेल्या रबरी नळीत असतो. ही गफलत का होते, हे कळण्यासाठी डिझेलचा टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा प्रवास पाहायला हवा.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. इंधन फवारण्यासाठी ते दाबाखालची हवा वापरत. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे, म्हणून हे इंजिन बराच काळ कारखाने आणि जहाजे यांतच राहिले. ते ट्रकमध्ये सर्रास बसू लागले, यात बॉश कंपनीने 1927 साली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलेल्या इंजेक्शन पंपाचा मोठा वाटा आहे. भारतात 1951 साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, स्थापन झाली. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. 2008 साली कंपनीचे नाव ‘बॉश’ झाले. पण गॅरेजांतला ‘मायको पंप’ आणि नाशिकचे ‘मायको सर्कल’ जिभेवरून गेले नाहीत.

या जुन्या पद्धतीच्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा दट्ट्या असतो. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढीच असते. एका फवाऱ्यात जाणारे डिझेल पूर्ण भारावरही तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे. इतक्या नेमक्या यंत्राला घाण, पाणी आणि हवा हे तीन शत्रू. त्यांतही हवा फसवी. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. दट्ट्याने रेटा दिला की मध्ये अडकलेला बुडबुडा आकसतो, दाब तिथेच जिरतो आणि नोझल उघडतच नाही.

आता मुख्य मुद्दा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढले जाते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फीड पंपाच्या पुढे ते ढकलले जाते. ढकलण्याच्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येते, डाग दिसतो. ओढण्याच्या बाजूला फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. खाली थेंब नाही, पाइप कोरडा ठणठणीत. म्हणून त्या पाइपवर कुणाचा संशय जात नाही आणि आळ पंपावर येतो.

म्हणून तपासाचा क्रम टाकीकडून पंपाकडे असावा. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. बंद पडलेली गाडी दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि काही अंतरावर पुन्हा थांबते, तेव्हा टाकीतल्या जाळीवर कचरा बसत असण्याची शक्यता मोठी. ओढ थांबली की तो खाली बसतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी जड, ते तळाशी वेगळे दिसते.

सकाळी सुरू व्हायला त्रास आणि दिवसभर ठीक, ही खूण रात्री डिझेल टाकीकडे उतरून गेल्याची. अशा वेळी फीड पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. त्यातून धावणारे बुडबुडे पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. तरीही शंका उरली तर फीड पंपाची नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडावी आणि परतीची नळीही त्यातच घालावी. कॅन सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधावा. त्यावर गाडी चढ चढली तर पंप निर्दोष. दोष टाकी, जाळी आणि पाइप यांत आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धा रस्ता तपासातून वगळला जातो.

धूरही साक्ष देतो. स्टार्टर फिरवताना पांढरा धूर आला तर डिझेल सिलिंडरात पोचते आहे, पण जळत नाही. धूरच नाही, तर बहुधा ते पोचतच नाही. चढावर काळा धूर ओकणारी गाडी डिझेलला उपाशी नसते. तिचा एअर फिल्टर किंवा नोझल पाहावे. मात्र नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

पंप खरोखरच झिजतो, नाही असे नाही. पण त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी नळी, तांब्याचे वॉशर, जाळी आणि झाकण यांची चौकशी झालेली असावी. ती करायला दोन पाने, एक कॅन आणि तासभर सवड पुरते. जिथे डाग दिसतो तिथेच दोष शोधण्याची आपली सवय असते. इथे नेमक्या कोरड्या राहिलेल्या सांध्यावर आधी हात ठेवायचा असतो.