रात्रभर ठेवलेला केक कोरडा का पडतो?

वाढदिवस रविवारचा, पण केक शनिवारी रात्रीच भाजून ठेवायचा, हे आता घरोघरी चालतं. सकाळी क्रीम लावायला बसावं, तर कडा कडक आणि सुरी टेकवताच चुरा. मग बोल लागतो रेसिपीला. खरं तर बिघडलेलं असतं ते मधल्या रात्रीत.

गैरसमज : फ्रीजमध्ये ठेवला की केक ताजा राहतो.
वस्तुस्थिती : फ्रीजमधला कालचा भात आठवा. शितं टणक झालेली असतात, पण फोडणीला टाकून वाफ आणली की पुन्हा मऊ. म्हणजे पाणी उडालेलं नसतं. शिजलेला स्टार्च गारव्यात आखडलेला असतो. मैद्याचंही तेच. ओलावा न गमावताही पाव शिळा होतो, हे बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं. फ्रीजच्या चार-पाच अंशांत हा बदल झपाट्याने होतो. केकमधली साखर आणि बटर त्याला आवर घालतात, पण थांबवत नाहीत. त्यात बटरही थिजतं, म्हणून बटरचा केक तेलाच्या केकपेक्षा जास्त घट्ट लागतो. साधा केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावा. थंड, कोरड्या हवेत एक-दोन दिवस छान राहतो.

गैरसमज : फ्रीझरमध्ये तो आणखी वाळतो.
वस्तुस्थिती : उणे १८ अंशांत स्टार्चचा हा बदल जवळजवळ थांबतो. वाळतो तो उघडा राहिलेला केक. मुंबई-कोकणच्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात बाहेर बुरशीची धास्ती असते, तेव्हा फ्रीझरच बरा. क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्या, वर झिपची पिशवी. नाहीतर शेजारच्या मासळीचा वास केकला लागलाच म्हणून समजा. बाहेर काढल्यावर वेष्टन लगेच सोडू नका. दव वेष्टनावर धरू दे, केकवर नको.

गैरसमज : गरम असतानाच गुंडाळला की ओलावा आत राहतो.
वस्तुस्थिती : गरम पोळ्या डब्यात भरल्या की झाकणाला घाम सुटतो आणि वरची पोळी ओलीगच्च होते. केकचीही तीच गत : वरचा थर चिकट होतो आणि बुरशीला आयतं पाणी मिळतं. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. तळाला हात लावून गार लागला, की गुंडाळा.

गैरसमज : थर आदल्या रात्रीच कापून ठेवावेत.
वस्तुस्थिती : कापलेली प्रत्येक बाजू वाळते. वरचा फुगवटाही तसाच राहू द्या. ती साल आतल्या केकचं झाकण असते. कापायच्या आधी अर्धा तास मात्र फ्रीज कामाचा : गार केकचा चुरा कमी पडतो.

गैरसमज : साखरपाक शिंपडला की शिळा केक ताजा होतो.
वस्तुस्थिती : पाकाने ओलावा येतो, आखडलेला स्टार्च सुटत नाही. पाक गार करून, क्रीम लावण्याच्या आधी ब्रशने लावावा. रात्रीच ओतून ठेवला, तर सकाळी लगदा.

एकदा का ताजं क्रीम, कस्टर्ड किंवा कापलेली फळं लागली, की केक फ्रीजमध्येच हवा; तिथे मऊपणापेक्षा पोट महत्त्वाचं. खायच्या थोडं आधी बाहेर काढला, की थिजलेलं बटर सैल होतं आणि घासही मऊ लागतो.