‘मृगसेवडी’ : एका विरळ शब्दाचा अर्थ आणि उपयोजन

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाचे वर्णन करताना ‘मृगसेवडी’ हा शब्द येतो. ‘मृगाजिन’ अथवा ‘हरणाचे कातडे’ असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु त्यामुळे ज्ञानदेवांनी केलेली निवड झाकली जाते.

गीतेच्या मूळ श्लोकात (६.११) चैल, अजिन आणि कुश असा क्रम आहे. शांकरभाष्य तो उलट घ्यावयास सांगते : तळाशी कुश, त्यावर अजिन, सर्वांत वर वस्त्र. ज्ञानदेवही तळाशी कुशांकुर, मध्ये मृगसेवडी आणि वर धूतवस्त्राची घडी ठेवतात. येथे साधकाच्या अंगाला कातडे नव्हे, तर वस्त्र लागते. तरी त्याखालचे कातडेही मऊ व निर्मळ असणे अगत्याचे ठरते. ‘चोखट’ या विशेषणाचे औचित्य यातच आहे.

अमरकोशात अजिन, चर्म आणि कृत्ती हे पर्याय म्हणून एकत्र येतात. मराठीत मात्र त्यांच्या अर्थांची वाटणी झालेली दिसते. कृत्तीपासून आलेले ‘कात’, ‘कातडे’ हे अंगावरचे किंवा सोललेले. चर्मापासून आलेले ‘चामडे’ हे कमावलेले. ‘अजिन’ हे केसांसह राखलेले, विधीसाठी वापरावयाचे. मृगसेवडी ही या तिसऱ्या वर्गातील होय.

हा भेद चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील विद्यार्थ्याला परिचित प्राण्यांच्या आधारे समजावून देता येतो. शास्त्रग्रंथांतील कृष्णाजिन काळविटाचे. तो मोकळ्या माळाचा प्राणी. ताडोबाच्या दाट अरण्यात ‘मृग’ म्हटल्यावर चितळ आणि सांबर डोळ्यांपुढे येतात. चितळाचे केस आखूड असतात, सांबराचे राठ. सांबराचे कातडे केस काढून, हिरड्यासारख्या तुरट वनोपजाने कमावल्यावर मऊ होते. पण तेव्हा ते ‘चामडे’ झालेले असते, ‘अजिन’ राहत नाही. मऊपणा दोन्हींत असला, तरी शब्द एक नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी कातडी व्यवहारातून गेली आणि त्यांचा स्पर्शानुभवही गेला. म्हणूनच अध्यापनात ‘हरणाचे कातडे’ एवढ्यावर न थांबता ‘आसनात कुशांवर व वस्त्राखाली अंथरावयाचे मऊ, सकेस मृगाजिन’ असा अर्थ देणे अधिक युक्त ठरेल.