गाडी लपते ती कडांपाशी

जीप किंवा पिकअप घरच्या अंगणात कॅमोफ्लाज रंगात रंगवायची म्हटले की विचार सुरू होतो तो छटांपासून. पानांशी जुळणारा हिरवा कोणता, मातीशी जुळणारा तपकिरी कोणता? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. झाडीत उभी असलेली गाडी डोळ्याला सापडते ती रंगामुळे कमी आणि रेषांमुळे जास्त. टपाची सरळ कड, बॉनेटचा कोपरा, चाकांची वर्तुळे, पोटाखालची काळीकुट्ट सावली, काचेची चमक, यातले रानात आपसूक काहीच आढळत नाही. हिरवा रंग अगदी पानांसारखा जुळला, तरी बाह्यरेषा शाबूत असेल तर गाडी गाडीच दिसते. म्हणून रंगकामाचा खरा हेतू ती रेषा मोडणे हा असायला हवा.

हे सैन्याला शिकवले प्राणिशास्त्राने. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवले, की ठळक विरोधी छटांचे पट्टे शरीराच्या कडेपर्यंत जाऊन तिला छेदतात तेव्हा नजर पट्ट्यांच्या मागे जाते आणि शरीर निसटते. २००५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी त्याची कसोटी घेतली. कागदी त्रिकोणांचे पतंग करून, त्यांना अळ्या टोचून ते झाडांच्या खोडांवर लावले आणि पक्षी कोणते टिपतात ते पाहिले. सर्व पतंगांवरचे रंग सालीशी जुळणारेच होते. तरीही ज्यांचे डाग कडेला छेदत होते ते, डाग मध्यभागी असलेल्या पतंगांपेक्षा जास्त टिकले. घरी रंगवताना यातून एक गोष्ट घ्यावी. डाग दरवाजाच्या पत्र्यावर मधोमध काढू नये; तो दरवाजावरून मडगार्डवर, मडगार्डवरून चाकाच्या कमानीवर, बाजूवरून थेट टपावर वळवावा.

डाग किती मोठा असावा, हे साध्या भूमितीने ठरते. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे दिसतात. १०० मीटरवर ही मर्यादा जेमतेम ३ सेंटिमीटर होते, ३०० मीटरवर ९ सेंटिमीटर. म्हणजे शिकारी कपड्यांवर शोभणारी बारीक पानांची नक्षी हौसेने गाडीवर उतरवली, तर थोड्या अंतरावरून ती सगळी मिसळून एकच मळकट रंग होतो आणि मोडायला निघालेली बाह्यरेषा पुन्हा उभी राहते. हाताच्या पंज्यापेक्षा लहान डाग गाडीवर फुकट जातो. अर्धा मीटर, पाऊण मीटर पसरलेले वेडेवाकडे आकारच कामाचे. तीन रंग पुरतात, मात्र त्यांतला एक चांगला गडद आणि एक चांगला फिका हवा.

सावलीचे गणित याहून सूक्ष्म आहे. प्रकाश वरून येतो, म्हणून कोणतीही घन वस्तू वर उजळ आणि खाली गडद दिसते आणि त्या फरकातूनच डोळा तिची गोलाई वाचतो. हरणाचे पोट पांढुरके असते ते हा फरक पुसण्यासाठी, असे अमेरिकी चित्रकार अ‍ॅबट थेअर यांनी १८९६ मध्ये मांडले. कॉट यांनी १९४० मध्ये रेल्वेवरच्या दोन तोफांपैकी एक या तत्त्वाने रंगवली. हवाई छायाचित्रांत ती शोधणे फार कठीण गेले. म्हणून गाडीचा टप आणि बॉनेट गडद, तर दरवाजांचा खालचा भाग आणि बंपरची खालची बाजू फिकी ठेवावी. रंग अर्थातच मॅट. त्यातले बारीक कण पृष्ठभाग खडबडीत ठेवतात, त्यामुळे प्रकाश एका दिशेने न उसळता विखुरतो. अशा रंगावर वॅक्सची पॉलिश केली की खडबडीतपणा भरून निघतो आणि चमक परत येते. पूर्वतयारीत काटकसर नको: ग्रीस काढणे, जुन्या रंगावर वॉटर पेपर मारणे, प्रायमर, मग फिक्यावरून गडदाकडे जाणे. फवारणी मोकळ्या हवेत, श्वसनाचा योग्य मास्क लावूनच.

मग रंगाला महत्त्वच नाही का, असे कोणी विचारेल. आहे, पण ते प्रकाशाशी आणि पाहणाऱ्याशी बांधलेले आहे. ब्रिटनच्या विशेष दलाच्या लँड रोव्हर गाड्या वाळवंटासाठी चक्क गुलाबी रंगवल्या गेल्या, कारण पहाटे आणि सांजवेळी वाळवंटाची धूसरता त्याच छटेची असते. हरणांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. नारिंगी वाघ त्यांना झाडीत खपून जातो. त्यांच्यासाठी छटेपेक्षा उजेड-अंधाराचा फरक मोलाचा, म्हणजे पुन्हा डागांची रचनाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गाडी हलली की सगळे व्यर्थ. हे खरेच आहे. हालचाल कोणतीही नक्षी उघडी पाडते आणि इंजिनाचा आवाज रंगाने झाकत नाही. कॅमोफ्लाज हे थांबलेल्या गाडीचे शास्त्र आहे. वन्यजीव पाहणाऱ्याने वा छायाचित्रकाराने त्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

भारतात एक मर्यादा कायद्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलण्याआधी आरटीओत विचारणा करावी. हा हिरवा सोडावा लागला म्हणून महाराष्ट्रात फारसे बिघडत नाही. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या पूर्वेकडची माळराने वाळक्या गवताने पिवळट होतात आणि अधूनमधून काळा कातळ डोके काढतो. तिथे गवती, मातकट आणि काळपट हे तीन रंग हिरव्यापेक्षा वर्षातले अधिक महिने उपयोगी पडतील.