हौसेची जुनी मोटार दारात येण्यापूर्वी

हौसेला मोल नसतं, असं आपण लग्नकार्यात म्हणतो खरं. पण त्या हौसेचं बिल शेवटी घरखर्चाच्या वहीतच चढतं, हे गृहिणीइतकं कुणाला ठाऊक असणार? साडी घेताना आपण पदर उजेडात धरून पाहतो, दागिना घेताना वजन दोनदा करायला लावतो, अगदी भाजी घेतानाही जुडी उलटी करून बघतो. मोटारीचा विषय निघाला की मात्र ‘ते यजमानांचं खातं’ असं म्हणून आपण चहा टाकायला आत जातो. त्यातून मोटार जर जुनी, दोन दारांची, ठेंगणी आणि रुबाबदार अशी ‘स्पोर्ट्स कूपे’ असेल, तर बाहेरच्या खोलीत कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. यजमान, भाऊजी, चिरंजीव सगळे एका सुरात बोलू लागतात. अशा वेळी घरात एक डोकं थंड असावं लागतं. ते तुमचं असावं, म्हणून हा लेख.

नेमकं बोलता यावं म्हणून एकच गाडी उदाहरणाला घेऊ: ऑडी टीटी. ही गाडी पहिल्यांदा १९९८ मध्ये बाहेर पडली, तिची दुसरी पिढी २००६ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतल्या ग्योर इथल्या कारखान्यातून शेवटची टीटी निघाली. आपल्याकडे ती पूर्ण तयार होऊनच परदेशातून येत असे. नवी असताना जिच्याकडे नुसतं पाहावं, अशी ही गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळू लागते. मोह होतो तो इथंच! पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मनाशी पक्की धरा. जुन्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. गाडी जुन्या भावात मिळते, दुरुस्ती नव्या भावात होते. पुढचं सगळं पाहणं या एका वाक्यासाठी आहे.

आधी घराशी जुळते का ते पाहा

टीटी म्हणायला चार माणसांची, पण मागची दोन आसनं लहान मुलांपुरतीच. पुढचं आसन वाकवून मागे शिरावं लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्या पुढे बसतानाही कुरकुरतील, कारण गाडी खूप खाली आहे. घरात हीच एकुलती एक मोटार असणार असेल, तर विषय इथेच थांबवलेला बरा. दुसरी गाडी असेल तर पुढे जायला हरकत नाही.

आपल्या गल्लीतले गतिरोधक, सोसायटीचा चढ, पावसाळ्यात रस्त्यावर साचणारं पाणी यांचाही विचार करा. ठेंगण्या गाडीचं पोट घासतं. पाहायला गेलात तेव्हा पुढच्या बंपरची खालची कड वाकून जरूर बघा. तिथले ओरखडे गाडीने काय काय सोसलं ते सांगतात. डिकी उघडून सुटं चाक आहे का तेही विचारा. पुष्कळ टीटींत चाकाऐवजी हवा भरायचा पंप आणि भोक बुजवायचं औषध एवढंच असतं. रात्री घाटात टायर फुटला तर काय करायचं, हे घरी बसूनच ठरलेलं बरं.

गाडीआधी कागद

मालक गाडीची चावी पुढे करील; तुम्ही आरसी मागा. त्यावरचं नाव समोरच्याच माणसाचं आहे का, तो कितवा मालक आहे, गाडी कोणत्या वर्षाची, हे वाचा. मग आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर ताडून पाहा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर ‘विचार करून सांगतो’ म्हणा आणि घरी या.

आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ‘कर्ज फिटलंय हो, कागद तेवढा राहिलाय’ या वाक्यावर विसंबू नका. दंडाची चलनं बाकी आहेत का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे सरकारी ॲपवर पाच मिनिटांत कळतं. मुलांना बघायला सांगा.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विम्याचंही तसंच. गाडी नावावर आली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा, नाहीतर गाडीच्या नुकसानभरपाईला अडचण येते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत मात्र जुन्या मालकाबरोबर जाते, ती गाडीबरोबर येत नाही. तेव्हा पहिल्या वर्षाचा विमा महाग पडेल हे धरून चाला. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला आहे की, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याची. उद्या आपण हीच गाडी विकली, तर नाव बदलल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र आणि इथला कर, दोन्ही आलं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयांचे निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. त्यानंतर तिथल्या कितीतरी महागड्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. स्वस्त का, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. पण कर भरल्यावर ती स्वस्ताई किती उरते ते मांडून पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचं. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी ती वाढवावी लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून नोंदणी वाढवायची फी साध्या मोटारीला ५,००० रुपये झाली, तर परदेशातून आणलेल्या मोटारीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. तेव्हा १३-१४ वर्षांची गाडी ‘फार स्वस्त’ मिळत असेल, तर विकणाऱ्याला कसली घाई आहे ते ओळखा. आपली गाडी दप्तरात ‘आयात’ म्हणून धरली आहे का, हे बयाणा देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

अंगावरचा रंग आणि आतला ओलावा

गाडी सकाळी, कोरडी असताना, उन्हात पाहा. नुकत्याच धुतलेल्या, ओल्या गाडीवर सगळं झाकलं जातं. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? रंगाची छटा एका दारावर वेगळी दिसते का? रबराच्या कडेवर रंगाचे शिंतोडे आहेत का?

पुट्टी ओळखायला लोहचुंबक लावून पाहायची युक्ती घरोघरी माहीत आहे. पण टीटीवर ती फसते. दुसऱ्या पिढीच्या टीटीचं बरंचसं अंग ॲल्युमिनियमचं आहे, मागचा भाग तेवढा पोलादाचा. बॉनेटला चुंबक चिकटला नाही म्हणून भांडू नका. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेला मिस्त्री बरोबर न्या. ॲल्युमिनियमचं ठोकाठोकीचं काम सगळ्यांना जमत नाही, म्हणून अपघाताची शंका आली तर इथे ती जास्त महाग पडते.

या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते आणि दार लागल्यावर वर जाते. दोन्ही दारं चार-चार वेळा उघडून बघा. काच अडखळली तर दाराच्या कुलपातलं बटण किंवा काचेची यंत्रणा गेली समजा. पावसाळ्यात तीच काच पाणी आत घेते. दार लांब आणि जड असतं, त्यामुळे बिजागरी सैल झालेली नाही ना, तेही दार अर्धवट उघडून, वर उचलून पाहा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं तर आपल्या हातचं काम! मुंबईचा २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९, चिपळूणचा जुलै २०२१: त्या पुरांत किती मोटारी बुडाल्या ते आपण पाहिलं आहे. अशी गाडी वरून चकचकीत करून विकता येते, पण बंद कपाटातल्या ओल्या गोधडीचा वास लपत नाही. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा आणि नाकावर विश्वास ठेवा. सतरंजीची कड उचलून चिखलाची पूड पाहा, आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज पाहा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. त्यावर आडवा डाग असेल तर पाणी तिथवर चढलं होतं.

आकडा कितीही कमी दाखवला, तरी जिने जास्त धाव घेतली त्या गाडीचं स्टिअरिंग तुळतुळीत होतं, पेडलचं रबर झिजतं, ड्रायव्हरच्या आसनाची बाहेरची कड चुरगळते. टायरवर चार आकडे असतात, ते वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुने टायर नक्षी शाबूत असली तरी कडक होतात. चार टायर एकदम घ्यायचे म्हणजे केवढा खर्च, तो दुकानात विचारून लिहून ठेवा.

इंजिन थंडच हवं

मालकाला आधीच सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं. दुसऱ्या दिवशी या. चावी फिरवताच सगळे दिवे लागून एकेक विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो कुणी मुद्दाम काढला असेल.

सुरू केल्यावर मागे उभं राहा. थंड सकाळी थोडी वाफ येणारच. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल तर थंडाव्याचं पाणी आत झिरपतंय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. तेल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखी साय दिसली तर सावध. कुकरचं झाकण वाफ असताना उघडत नाही, तसंच गरम इंजिनचं पाण्याचं झाकण उघडायचं नाही. या गाडीच्या काही इंजिनांना तेल जास्त लागतं, म्हणून ‘१,००० किलोमीटरला किती तेल घालावं लागतं?’ असं सरळ विचारा. टायमिंगचा पट्टा असेल तर तो केव्हा बदलला, त्याचं बिल मागा.

टीटीच्या दोन क्लचच्या आपोआप गियरबॉक्सचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. तेही बिलावर पाहा. अर्धा तास चालवायला मागा, मोकळ्या रस्त्यावर नव्हे तर बाजाराच्या गर्दीत आणि चढावर. रांगत चालताना धक्के बसले, गियर पडायला उशीर लागला, तर यजमानांना स्टिअरिंगवरून खाली उतरवायची वेळ झाली!

मग वही उघडा

इतक्या सगळ्यात गाडी उत्तीर्ण झाली तरी बयाणा द्यायचा नाही. आपल्या माहितीच्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये ती उचलून खालून पाहायला लावा, संगणक जोडून दोष वाचायला लावा आणि दुरुस्तीची यादी भावासकट लेखी घ्या. मालक याला तयार नसेल, तर तेच उत्तर समजा.

आता एका पानावर लिहा: गाडीची किंमत, यादीतली दुरुस्ती, टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च, कर आणि नोंदणी वाढवायची फी. त्याखाली किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या अनपेक्षित खर्चासाठी वेगळी धरा. ही बेरीज हाताशी असलेल्या पैशांत बसली, तर गाडी खुशाल घ्या. बसत नसेल, आणि त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडायची किंवा पाटल्या गहाण टाकायच्या असतील, तर ती गाडी कितीही देखणी असो, आपल्या घरची नव्हे.

‘नाही’ हा शब्द मात्र वापरू नका. हौस मोडली की माणूस हिरमुसतो आणि मग हट्टाला पेटतो. ‘आधी वहीतली बेरीज होऊ दे, मग आपण दोघं ठरवू,’ एवढंच म्हणा. बेरीज वाचताना पुष्कळदा यजमान आपणच चश्मा काढून ठेवतात. आणि बेरीज जमलीच, तर पहिल्या फेरीला पुढचं आसन तुमचं!