१२ व्होल्टमधून १५० वॅट

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असलं की साधारण १४. आणि डॅशबोर्डवरच्या स्टिरिओच्या खोक्यावर मात्र दिमाखात छापलेलं असतं, '५० वॅट × ४'. आकडा हवेतला नाही: १४.४ चा वर्ग करा, स्पीकरच्या ४ ओहमने भागा, ५२ वॅट येतात. पण तेवढे वॅट मिळतात ते लहरींचे माथे पार सपाट कापून, म्हणजे नुसता फाटका आवाज. स्वच्छ सूर हवा असेल, तर त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत, १८-२० वर समाधान मानावं लागतं.

चार ओहमच्या सबवूफरला स्वच्छ १५० वॅट द्यायचे, तर व्होल्टेजची उसळी ३५ पर्यंत जायला हवी. बॅटरीत तेवढे व्होल्ट नाहीतच! मग डिकीत बसवलेला ॲम्प्लिफायर ते आणतो कुठून?

तो बॅटरीच्या सरळ, एकदिश विजेचे तुकडे करतो. इवलेसे ट्रान्झिस्टर तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, कारण स्थिर विजेला ट्रान्सफॉर्मर दाद देत नाही, बदलत्या विजेलाच देतो. बदलाचा वेग इतका प्रचंड, की तळहातावर मावेल एवढ्या तारेच्या कड्यातून व्होल्टेज दुप्पट-तिप्पट होऊन बाहेर पडतं. हे सगळं गाण्याला हात लावण्याआधी. क्लास डी प्रकारात तर पुढे गाण्याचेही तुकडे होतात, सेकंदाला लाखो. प्रत्येक तुकडा किती रुंद, यातच तबल्याची थाप दडलेली असते.

हेच तंत्र कळव्याच्या कारशेडमधून निघणाऱ्या लोकलच्या पोटात आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट, खाली त्या विजेचे तुकडे करून मोटर फिरवणारे इन्व्हर्टर. गाडी हलताना चढत जाणारी शीळ येते ती त्यातूनच. तिथली चालू-बंद आपल्या कानाच्या टप्प्यात येते. ॲम्प्लिफायरची त्यापलीकडे घडते, म्हणून आपल्याला फक्त गाणं ऐकू येतं. मला हे दर वेळी थक्क करतं.

पण आत गेली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर येत नाही, आणि खरेदीची किल्ली इथेच आहे. ॲम्प्लिफायरवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर १४ व्होल्टला आत जाणार ४२० वॅट. क्लास डी त्यातले फार तर साडेतीनशे स्पीकरपर्यंत पोचवेल. दुसरा प्रकार, क्लास एबी, जवळपास निम्मे उष्णतेत घालवेल. खोक्यावर '२००० वॅट' असलं तरी. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच, तेव्हा ७५ आणि १०० वॅटमधला फरक कानाला जेमतेम कळतो. जास्तीचे पैसे अस्सल तांब्याच्या जाड वायरवर घाला. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीत वीज कमी वाहून नेते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवून घ्या. आणि कळवा नाक्यावर गाडी खोळंबली असताना ठेक्यागणिक हेडलाइट मंदावत असतील, तर कमी वेगात फिरणाऱ्या अल्टरनेटरला हा भार झेपत नाही, असं समजा.

दुकानात गेलात की मोठा आकडा सोडा. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारे वॅट विचारा, आणि पैसे देण्याआधी ॲम्प्लिफायर हातात घेऊन त्यावरचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते स्वतः वाचा.